पत्र्याआडचा माणूस

जुनी मालमोटार नव्याने उभी करावयाची म्हटली की आपल्याकडे पहिला खर्च रंगावर होतो. फाळक्यावर फुले उमटतात, मागे सुभाषिते झळकतात. मात्र इंजिन आणि चालक यांच्यामधील पत्र्याच्या आडभिंतीकडे कोणाचे लक्ष जात नाही. तिच्यावरील उष्णता व आवाज अडविणारा थर झडून गेलेला असतो आणि त्याच्या जागी बहुधा गोणपाटाचा तुकडा कोंबलेला असतो. गाडी सजते, तिच्यात बसणारा माणूस तसाच भाजत राहतो.

बेळगाव-निपाणीच्या टापूत हा प्रश्न रोजचा आहे. पुणे-बंगळूर महामार्ग निपाणीनंतर तवंदीचा घाट ओलांडून संकेश्वरमार्गे बेळगावकडे जातो. घाटात भरलेली गाडी सावकाश, पण इंजिनावर पूर्ण भार घेऊन चढते. म्हणजे वारा सर्वांत कमी, तेव्हाच उष्णता सर्वांत अधिक. टेल्कोने १९५४ मध्ये डेमलर-बेंझच्या सहकार्याने मालमोटारी बांधावयास घेतल्या. त्या परंपरेतील अनेक गाड्यांत इंजिनाचा काही भाग केबिनमध्येच शिरलेला असतो. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तास, ही तज्ज्ञांनी मानलेली मर्यादा होय. आवाज तीन डेसिबलांनी वाढला की हा अवधी निम्मा होतो. या आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

यावरील उपाय अवघड नाही. तो क्रमाने करावा लागतो एवढेच. जुना थर काढून पत्रा खरवडावा, गंज घालवून रेडऑक्साइड लावावे. मग पत्र्याची थरथर शोषणारे डांबरी किंवा रबरी पट्टे मोठ्या सपाट भागांच्या मध्यावर घट्ट चिकटवावेत. सारा पत्रा मढविण्याची गरज नसते. त्यावर आवाज शोषणारा नमदा आणि इंजिनाच्या बाजूस उष्णता परतविणारा अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा असावा. पेडल, तारा व स्टिअरिंग यांसाठी पाडलेली छिद्रे रबराने बंद केली नाहीत, तर बाकीचे श्रम वाया जातात. आवाजाला बोटभर फट पुरते. गोणपाट मात्र वर्ज्य समजावे. ते घाटातील पावसाचे पाणी धरून पत्रा कुजविते आणि तेल वा डिझेल शोषून आगीस निमंत्रण देते.

एका गोष्टीचा इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. जुन्या गाड्यांतील थरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. त्याचे अदृश्य तंतू श्वासावाटे फुप्फुसात रुततात आणि अनेक वर्षांनंतर कर्करोगाच्या रूपाने प्रकट होतात. असा थर कोरडा खरवडणे किंवा हवेच्या झोताने झाडणे म्हणजे गॅरेजमधील पोरांच्या आयुष्याशी खेळणे होय. संशय असल्यास जाणकाराकरवीच तो काढून घ्यावा; निदान तो ओला ठेवावा, योग्य मुखपट्टी वापरावी आणि कचरा बंद पिशवीत ठेवावा.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालमोटारींची केबिन वातानुकूलित असलीच पाहिजे, असा नियम केंद्र सरकारने केला. त्याचे आम्ही स्वागत करतो. परंतु त्याआधी बनलेल्या गाड्यांतील चालकांनी काय करावे? आठ वर्षांहून जुन्या मालमोटारीला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्या तपासणीत ब्रेक आणि दिव्यांबरोबर ही आडभिंतही पाहिली जावी, अशी आमची मागणी आहे. परवडत नाही, अशी तक्रार एकाच गाडीवर पोट असलेल्या मालकाने केली तर ती आम्ही समजू शकतो. त्याला सवलतीचे कर्ज मिळावे. पण रंगाला पैसे असतात आणि नमद्याला नसतात, हे आम्हांस पटत नाही.

गोमंतकाची भाजी बेळगावहून घाट उतरून येते. ती महागली की आपण तावातावाने बोलतो. ती आणणाऱ्याच्या कानांत रात्रभर काय घुमत होते, याची चौकशी आपण कधी केली आहे काय?