डोंगरवाटेवरील पिण्याचे पाणी : प्रवासी फिल्टरची निवड आणि वापर

सह्याद्रीतील गडकोटांची वस्ती पाण्याच्या आधारावर उभी राहिली. कातळात खोदलेली टाकी, बांधीव तलाव आणि झऱ्यांची कुंडे यांच्या बळावर गडावरील शिबंदी उन्हाळा काढीत असे. रायगडावरील गंगासागर, राजगडावरील पद्मावती तलाव, शिवनेरीवरील गंगा-जमुना टाकी ही त्या व्यवस्थेची साक्ष आजही देतात. शिबंदी गेली, त्याबरोबर अनेक पाणवठ्यांची नित्याची निगाही थांबली. पावसाबरोबर वाहून येणारी माती, पालापाचोळा, जनावरांचे मलमूत्र आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी टाकलेला कचरा आता त्यांत साचत असतो.

दुसरीकडे, शाळा-महाविद्यालयांच्या सहली, साहस शिबिरे आणि गडभ्रमंती यांनिमित्त डोंगरात जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. डोंगरावरचे पाणी शुद्धच असते, असा समज यांतील अनेकांच्या मनात असतो. तथापि पाणी निवळशंख दिसते एवढ्यावरून ते निर्धोक ठरत नाही. हगवण, विषमज्वर, कावीळ यांचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. दवाखाना काही तासांच्या पायपिटीवर असताना एखाद्या विद्यार्थ्यास अतिसार जडला, तर साधे दुखणेही गंभीर रूप धारण करू शकते.

सॅकमध्ये सहज मावणारे छोटे फिल्टर आज बाजारात मिळतात. ते उपयुक्त आहेत यात शंका नाही; परंतु कोणता फिल्टर काय अडवतो आणि काय अडवू शकत नाही, हे समजून घेतल्याशिवाय त्यांवर विसंबणे धोक्याचे आहे. सहलीची जबाबदारी घेणारे शिक्षक, तिला परवानगी देणारे अधिकारी आणि गडाच्या पायथ्याशी असलेल्या ग्रामपंचायतींचे सदस्य या सर्वांना ही माहिती असणे अगत्याचे आहे.

प्रश्न आकारमानाचा

फिल्टर म्हणजे मूलतः अतिसूक्ष्म गाळणी होय. तिचे माप मायक्रॉनमध्ये सांगतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पाण्यातील रोगजंतूंचे आकारमानानुसार तीन मुख्य गट पडतात. जिआर्डिया व क्रिप्टोस्पोरिडियम यांसारख्या एकपेशीय परजीवींची कोष्ठे साधारणतः ४ ते १२ मायक्रॉनची असतात. पटकी, विषमज्वर आदी रोगांचे जीवाणू त्यांहून लहान, म्हणजे अर्धा ते काही मायक्रॉन एवढे असतात. विषाणू तर मायक्रॉनच्या दहाव्या भागाहूनही लहान असतात. कावीळ निर्माण करणाऱ्या 'अ' आणि 'ई' विषाणूंचा आकार सुमारे ०.०३ मायक्रॉन आहे.

घरोघरी चालत आलेली वस्त्रगाळ पाण्याची रीत याच तत्त्वावर उभी आहे. बांगलादेशातील ग्रामीण भागात झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जुन्या सुती साडीच्या चार घड्यांतून पाणी गाळल्याने पटकीचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटल्याचे दिसून आले. पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म प्राणिजीवांना चिकटून राहतात आणि ते प्राणिजीव कापडात अडकतात, हे त्यामागील कारण. मात्र मोकळे जीवाणू व विषाणू कापडातून सुखेनैव पार होतात. यास्तव वस्त्रगाळ ही शुद्धीकरणाची केवळ पहिली पायरी समजावी.

गाळणीची मर्यादा

१८८४ मध्ये पाश्चरचे सहकारी चार्ल्स शांबरलाँ यांनी चिनी मातीचा असा फिल्टर तयार केला, की ज्यातून जीवाणू पार होत नसत. १८९२ मध्ये रशियन शास्त्रज्ञ इवानोव्हस्की यांनी रोगट तंबाखूच्या पानांचा रस या फिल्टरमधून गाळला. तरीही गाळलेला रस निरोगी झाडांना रोग जडवीत राहिला. जीवाणूंहून लहान असे काहीतरी गाळणीतून निसटते, हे त्यातून दिसले आणि पुढे विषाणुशास्त्राचा पाया घातला गेला. म्हणजे गाळणीची मर्यादा शंभर वर्षांहून अधिक काळ विज्ञानास ठाऊक आहे. केवळ वापरणाऱ्यास तिचा विसर पडतो.

या विसराची किंमत किती मोठी असू शकते, हे १९५५-५६ मध्ये दिल्लीत दिसून आले. यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून ते शहराच्या पाणीपुरवठ्यात शिरले. पाण्यावर प्रक्रिया झाली होती. विषमज्वरासारखे जीवाणुजन्य आजार वाढले नाहीत. परंतु सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. हा रोग 'ई' विषाणूमुळे झाल्याचे पुढील काळात निष्पन्न झाले. जीवाणू नष्ट झाले म्हणजे विषाणूही गेले असे मानता येत नाही, हाच या घटनेचा धडा आहे.

उपलब्ध साधने

सध्या सर्वाधिक वापरात असलेल्या प्रवासी फिल्टरमध्ये पोकळ तंतूंचा जुडगा असतो. या तंतूंच्या भिंतींना ०.१ ते ०.२ मायक्रॉनची छिद्रे असतात. पाणी भिंतीतून आत झिरपते. परजीवी व बहुतेक जीवाणू बाहेर अडकतात, विषाणू मात्र पार होतात. लेप्टोस्पायरोसिसचे जंतूही लांब असले तरी जाडीने केवळ ०.१ मायक्रॉनच्या आसपास असल्याने त्यांतील काही निसटू शकतात. हे साधन वजनाला अत्यंत हलके असते.

सिरॅमिकचा फिल्टर टिकाऊ असतो आणि वरचा थर घासून पुन्हा वापरता येतो. परंतु तो जड असतो, पाणी सावकाश देतो आणि आपटल्यास त्यास नजरेत न भरणारी चीर जाते. सक्रिय कार्बनमुळे पाण्याचा वास, चव व काही रसायने कमी होतात. जंतुनाशासाठी त्यावर विसंबता येत नाही. अतिनील किरणांचे पेनासारखे उपकरण विषाणूंसह सर्व जंतूंवर परिणाम करते. मात्र पाणी स्वच्छ हवे आणि विद्युतघट चालू स्थितीत हवा.

क्लोरिनच्या गोळ्या स्वस्त व हलक्या असून जीवाणू व विषाणू यांवर प्रभावी आहेत. क्रिप्टोस्पोरिडियम मात्र क्लोरिनला दाद देत नाही. पाणी उकळणे ही सर्वांत जुनी आणि सर्वांत खात्रीची पद्धत होय. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर ते एक मिनिट उकळत ठेवावे. २,००० मीटरहून अधिक उंचीवर तीन मिनिटे. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर असल्याने महाराष्ट्रात सर्वत्र एक मिनिट पुरेसे आहे. हिमालयात जाणाऱ्यांनी दुसरा नियम पाळावा.

यांपैकी कोणतेही साधन पाण्यातील क्षार, फ्लोराइड किंवा नायट्रेट काढून टाकत नाही. फवारणी केलेल्या शेताखालचे किंवा कारखान्याजवळचे पाणी प्रवासी फिल्टरने पिण्यायोग्य होत नाही. असा पाणवठा टाळावा हेच योग्य.

निवड करताना

फिल्टर विकत घेताना पुढील बाबी पडताळून पाहाव्यात.

१. छिद्राचे माप 'ॲब्सोल्यूट' आहे की 'नॉमिनल'? पहिल्या मापात त्याहून मोठे छिद्र नसल्याची हमी असते. दुसरे माप सर्वसाधारण असते.

२. किती टक्के जंतू अडवले जातात? ९९ टक्के हा आकडा मोठा वाटतो. पण एक लिटर पाण्यात दहा लाख जीवाणू असल्यास त्यांतील दहा हजार शिल्लक राहतात. ९९.९९९९ टक्के म्हटल्यावर केवळ एक उरतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८७ मध्ये ठरविलेल्या कसोटीत जीवाणूंसाठी हाच निकष असून विषाणूंसाठी ९९.९९ आणि परजीवींसाठी ९९.९ टक्के अपेक्षित आहेत. तिन्हींचा उल्लेख नसल्यास ते साधन विषाणूंवर चालत नाही असे धरून चालावे.

३. मिनिटाला किती पाणी मिळते? चाळीस विद्यार्थ्यांना प्रत्येकी दोन लिटर म्हणजे ८० लिटर पाणी हवे. मिनिटाला अर्धा लिटर देणाऱ्या फिल्टरला त्यासाठी दोन तास चाळीस मिनिटे लागतील. एकट्यादुकट्याचे साधन मोठ्या गटास पुरत नाही. गटासाठी उंचावर टांगावयाची गुरुत्व-पिशवी किंवा मोठ्या पातेल्यात पाणी उकळणे सोयीचे.

४. साफ करण्याची सोय कोणती आणि बदलीचे भाग मिळतात काय?

वापराची रीत

निवळणे, गाळणे व निर्जंतुक करणे हा क्रम कधीही मोडू नये. पावसाळ्यातील गढूळ पाणी प्रथम भांड्यात स्थिर ठेवावे; गरज वाटल्यास तुरटी फिरवावी. वरचे निवळलेले पाणी कापडातून व नंतर फिल्टरमधून गाळावे. शेवटी क्लोरिनची गोळी वेष्टनावरील प्रमाणात टाकून किमान अर्धा तास थांबावे. गोळी आधी टाकण्याचे दोन तोटे आहेत : गढूळपणा क्लोरिन खाऊन टाकतो, आणि फिल्टरमध्ये कार्बन असल्यास उरलेले क्लोरिनही निघून जाते. परजीवींना फिल्टर अडवतो, विषाणूंना क्लोरिन मारते. अशा रीतीने एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

कच्च्या पाण्याची पिशवी आणि शुद्ध पाण्याची बाटली यांवर वेगवेगळ्या रंगांच्या खुणा कराव्यात. बाटलीच्या तोंडाला लागलेला कच्च्या पाण्याचा एक थेंबही सारे श्रम वाया घालवू शकतो. प्रवाह मंदावताच फिल्टर स्वच्छ पाण्याने उलट दिशेने धुवावा. पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा ओला झाल्यावर गोठला, तर त्याचे तंतू फुटतात आणि ते बाहेरून कळत नाही. बर्फाळ प्रदेशात तो रात्री अंथरुणात जवळ घ्यावा. गोठल्याची शंका आल्यास तो बाद करावा. परतल्यावर फिल्टर धुऊन, निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे निर्जंतुक करून व पूर्ण वाळवूनच ठेवावा.

शिक्षक आणि पंचायत

सहलीपूर्वी पिण्याचे टाके कोणते, याची चौकशी पायथ्याच्या ग्रामस्थांकडे करावी; ही माहिती त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांची असते. शक्यतो पायथ्याच्या गावातूनच पाणी भरून घ्यावे. सोबत जलसंजीवनीची पाकिटे असावीत. पाण्याच्या टाक्यात हातपाय धुणे, भांडी विसळणे वा उतरणे यास सक्त मनाई करावी. शौचास बसण्याची जागा पाणवठ्यापासून दूर आणि उताराच्या खालच्या अंगास ठरवून द्यावी.

ग्रामपंचायतींना टी.सी.एल. पावडर व ओ.टी. चाचणी नवीन नाहीत. पिण्याच्या पाण्यात उर्वरित मुक्त क्लोरिन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावे, हे भारतीय मानक आहे. पायथ्याच्या सार्वजनिक नळावर ते नियमित राखले आणि तशी पाटी लावली, तर शेकडो प्रवाशांची सोय होईल, आणि गडावर बाटलीबंद पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांचा खचही कमी होईल.

नारूचे उदाहरण येथे मार्गदर्शक आहे. हा रोग एकेकाळी महाराष्ट्रासह अनेक राज्यांत होता. देशातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. या कामी पाणी गाळण्याच्या कापडाचा वाटा होताच; परंतु पायऱ्यांच्या विहिरींत लोकांना उतरू न देणे, पाण्यावर औषध टाकणे, हातपंप बसविणे आणि रुग्ण शोधून काढणे ही कामेही तितक्याच नेटाने झाली. सॅकमधील फिल्टर एका प्रवाशाचे रक्षण करतो. पाणवठा राखला, तर त्यावर अवलंबून असलेल्या साऱ्यांचे रक्षण होते. तेव्हा फिल्टर खरेदीबरोबरच टाक्यांची साफसफाई व राखण यांचाही विचार व्हावयास हवा.