अंगावरचे दूध, बाटली आणि बोंडले

पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि प्रसूती लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजाही मिळते. मात्र या रजेचा काही भाग अनेकदा प्रसूतीपूर्वीच खर्ची पडतो, आणि शेतमजुरी वा घरकाम करणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला ती बहुधा येतच नाही. त्यामुळे अंगावर पिणाऱ्या बाळाला आईमागे दूध कसे पाजावे, हा प्रश्न घरोघरी उभा राहतो.

बाटली झिडकारणाऱ्या बाळाला हट्टी म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. अंगावर पिताना ते जबडा मोठा उघडून स्तनाग्राभोवतीचा काळसर भागही तोंडात घेते आणि आधी भरभर चोखते. त्या चोखण्याने आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक, म्हणजे रक्तावाटे संदेश नेणारे द्रव्य, स्रवते, पान्हा फुटतो, आणि मग बाळ संथ लयीत घोट घेऊ लागते. उलट्या धरलेल्या बाटलीतून मात्र दूध न चोखताही येते. बाळाच्या कपाळाला आठ्या पडतात, हाताची बोटे ताणली जातात, ओठांच्या कोपऱ्यातून दूध ओघळते आणि बाळ मान फिरवते. येथे त्याचा विरोध दुधाला नसून वेगाला असतो.

म्हणून बाळाला मांडीवर जवळजवळ बसते धरावे, कमी वेगाचे बूच लावलेली बाटली आडवी ठेवावी, बूच ओठांना टेकवून त्याने आपणहून तोंड उघडेपर्यंत थांबावे आणि काही घोटांनंतर बाटली खाली करून त्याला श्वास घेऊ द्यावा. आईचा वास आला की बाळ अंगावरच पिऊ पाहते, त्यामुळे हे काम आजीने किंवा वडिलांनी करणे सोपे जाते. आई कामावर रुजू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून, बाळ फार भुकेले नसताना, रोज थोडा प्रयत्न पुरेसा असतो. ‘भूक लागली की झक मारत पिईल’ हा सल्ला मात्र क्रूर आहे, कारण रडून थकलेले बाळ पिणे शिकत नाही.

कधी अडचण दुधाचीच असते. आईच्या दुधातील लायपेज हे स्निग्धांश फोडणारे विकर साठवणीतही काम करत राहते आणि काही मातांच्या दुधाला साबणासारखा वास आणते. ते दूध बिघडलेले नसते, तरी बाळ ते नाकारू शकते, आणि अशा वेळी ताजे काढलेले दूध देऊन पाहावे. काढलेले दूध साधारण 25 अंश तापमानाला चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस टिकते. पाजताना भांडे कोमट पाण्यात ठेवून ते ऊन करावे.

तरीही बाटली जमली नाही, तर वाटी-चमचा किंवा बोंडले आहेच. चोच असलेल्या या छोट्या भांड्याला बुचासारख्या सांदी नसतात, त्यामुळे ते घासून उकळणे सोपे जाते आणि जुलाबाचा धोका कमी होतो. आपल्या हवेत हा गुण फार मोलाचा आहे, आणि बाटलीआधी बोंडल्याचाच विचार व्हावा, इतका तो भक्कम आहे. सहा महिन्यांच्या आसपास बाळ छोट्या पेल्यातूनही पिऊ लागते.

काही बाळे दिवसा जेमतेम पितात आणि आई परतल्यावर रात्रभर अंगावर पिऊन कसर भरून काढतात. बाळाचे वजन वाढत असेल आणि लघवी नेहमीसारखी होत असेल, तर काळजीचे कारण नसते, पण आईची झोप मोडते, तेव्हा सकाळचा डबा तरी घरातल्या दुसऱ्या कोणी करावा.