जॅकेट होडीत नको, अंगावर हवे

थंडी सुरू झाली की उजनीच्या काठावर पाहुण्यांची वर्दळ वाढते. रोहित पक्ष्यांचे थवे भीमेच्या पसरलेल्या पाण्यात उतरतात, पट्टकदंब येतात, आणि त्यांच्यामागोमाग बारामती, इंदापूर, पुण्याकडची माणसेही भिगवण, डिकसळ, कुंभारगावला येऊन दाखल होतात. काठावरच्या मच्छीमार बांधवाची होडी ठरवायची, पाण्यातून फेरी मारायची, उंचवट्यांच्या बेटांवर बसलेले पक्षी पाहायचे आणि गरमागरम मासळीचे जेवण करून परतायचे, असा हा बेत असतो. उन्हाळ्यात पाणी उतरले की आणखी एक आकर्षण तयार होते. धरणामुळे पाण्याखाली गेलेले पळसदेवचे पुरातन पळसनाथ मंदिर हळूहळू डोके वर काढते. आधी शिखर दिसते, मग मंडप दिसतो, आणि ते पाहण्यासाठी पुन्हा होड्या निघतात.

आरोग्याच्या सदरात होडीचा विषय कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. त्याचे उत्तर आपल्याच तालुक्यात घडलेल्या दोन घटनांत आहे.

३० एप्रिल २०१७ रोजी सोलापूर जिल्ह्यातून सहलीला आलेल्या डॉक्टर मित्रांचा एक गट इंदापूर तालुक्यात अजोतीजवळ उजनीच्या पाण्यात होडीतून फिरत होता. होडी उलटली आणि चार डॉक्टर बुडून मरण पावले. पुढे २१ मे २०२४ रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात सापडून उलटली. होडीत सात जण होते. त्यांपैकी एक पोहत काठाला लागले. उरलेल्या सहा जणांचे मृतदेह तिसऱ्या दिवशी हाती आले. त्यांत एक तरुण जोडपे आणि त्यांची दोन लहानगी मुले होती.

या दोन घटनांतून एक गोष्ट स्पष्ट होते. पाण्यात गुदमरलेल्या माणसाकडे पाचच मिनिटे असतात, आणि त्या पाच मिनिटांत दवाखाना तेथे पोहोचू शकत नाही. सोबत डॉक्टर असून उपयोग नाही, कारण डॉक्टरही त्याच पाण्यात असतो. म्हणून बुडण्यावरचे खरे औषध दोनच ठिकाणी मिळते. एक, होडी सुटण्यापूर्वी अंगावर चढवलेले लाइफ जॅकेट. आणि दुसरे, माणूस बाहेर काढताच काठावरच्या कोणीतरी तोंडाने दिलेला श्वास. आजच्या लेखात या दोन्हींची माहिती घेऊ.

बुडणारा माणूस ओरडत नाही

सिनेमात बुडणारा माणूस हात हलवतो, मदतीसाठी हाका मारतो. प्रत्यक्षात असे क्वचितच होते. तोंड पाण्याच्या वर येते ते क्षणभरच. त्या क्षणात श्वास घ्यायचा की हाक मारायची, यात शरीर श्वासालाच निवडते. हात आपोआप बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात, त्यामुळे ते हलवून खूण करता येत नाही. पाहणाऱ्याला वाटते, पोरगे पाण्यात खेळते आहे. लहान मूल तर वीस सेकंदांत खाली जाऊ शकते. मोठ्या माणसाची धडपडही साधारण मिनिटभरच टिकते.

पाणी श्वासनलिकेशी जाताच घसा आवळला जातो, खोकला येतो, आणखी पाणी आत जाते. रक्तातील प्राणवायू झपाट्याने कमी होतो, माणूस बेशुद्ध होतो, श्वास थांबतो आणि त्यानंतर काही मिनिटांत हृदय बंद पडते. प्राणवायूवाचून मेंदूला चार ते सहा मिनिटांत कायमची इजा होऊ लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मरण पावली. पाण्यापासून जपण्याची आठवण राहावी म्हणून त्याच वर्षापासून २५ जुलै हा दिवस जगभर पाळला जातो.

'मला पोहता येते' हा गैरसमज

विहिरीत भोपळा किंवा पत्र्याचा डबा पाठीला बांधून पोहायला शिकलेली पिढी आपल्याकडे अजून आहे. त्यांचे कौतुकच आहे. परंतु विहीर आणि उजनी यांत फार फरक आहे. विहिरीत चार हातांवर कठडा असतो. धरणाच्या मध्यावर काठ जवळ भासतो, पण प्रत्यक्षात तो फार दूर असतो. शिवाय होडी उलटताना डोक्याला मार लागू शकतो, अंगावर दुसरा माणूस पडतो, साडी किंवा पँट पायात गुंडाळली जाते. पाण्यात मासेमारीची जाळी असतात. बुडालेल्या गावांच्या भिंती आणि जुन्या झाडांचे खुंट असतात. काठाजवळ गाळ असतो, त्यात पाय रुतला की पट्टीचा पोहणाराही अडकतो.

वेळेचाही विचार हवा. वर दिलेल्या दोन्ही घटनांच्या तारखा पाहा. एप्रिलची अखेर आणि मे महिना. हे वळवाचे दिवस. सकाळी आरशासारखे दिसणारे पाणी दुपारनंतर अचानक उठलेल्या वाऱ्याने खवळते. मैलोन् मैल मोकळ्या पसरलेल्या पाण्यावर वाऱ्याला अडवणारे काही नसते, म्हणून लाटाही पाहता पाहता उंच होतात. पळसनाथाचे मंदिर पाण्याबाहेर येते तेही नेमक्या याच दिवसांत. म्हणून उन्हाळ्यात होडीने जायचेच असेल तर सकाळी लवकर जावे आणि दुपारपूर्वी काठाला यावे. आकाशात ढग दाटलेले दिसले तर बेत रद्द करावा. मंदिर पुढच्या वर्षीही वर येईल.

जॅकेट कसे घालावे?

बऱ्याच होड्यांत जॅकेट असतात, पण ती फळीखाली कोंबलेली किंवा बसायला घेतलेली असतात. होडी उलटल्यावर ती शोधून घालणे कोणालाही शक्य होत नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत गेटवेहून घारापुरीच्या लेण्यांकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली. बोटीवर शंभराहून अधिक माणसे होती, आणि या दुर्घटनेत १५ जणांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर लगेचच गेटवेवरून जाणाऱ्या प्रवाशांना लाइफ जॅकेट घालणे सक्तीचे करण्यात आले. घारापुरी काय, जंजिरा काय किंवा मालवणचा सिंधुदुर्ग काय, सुटीत कोकणात जाणाऱ्या आपल्या भागातील मंडळींनी हा नियम कोणी सांगण्याची वाट न पाहता स्वतःच पाळावा. समुद्रात लाटा आणि भरती-ओहोटी यांची भर पडते, आणि खडकांच्या कपारीत वा गुहेच्या तोंडाशी एखादी लाट होडीला भिंतीवर आपटू शकते. अशा ठिकाणी स्थानिक खलाशी 'नको' म्हणाला तर हट्ट धरू नये.

जॅकेट वजनाप्रमाणे निवडावे. सर्व पट्टे आणि बकले लावून ते अंगाशी घट्ट बसवावे. मग दुसऱ्याने ते खांद्याजवळ धरून वर ओढून पाहावे. ते हनुवटी व कानांपर्यंत सरकले तर ते सैल आहे असे समजावे. पाण्यात पडल्यावर असे जॅकेट वर निघून जाते आणि माणूस खाली राहतो. लहान मुलांना मोठ्यांचे जॅकेट चालत नाही. त्यांना त्यांच्या मापाचे, दोन्ही पायांमधून पट्टा येणारे जॅकेट हवे. मापाचे जॅकेट नसेल तर मुलाला होडीत घेऊ नये. आईने कडेवर घट्ट धरले आहे, हा भरवसा पुरेसा नाही. होडी उलटण्याच्या धक्क्याने हात सुटतातच.

होडीवाला आपलाच माणूस असतो, त्याचे पोट या फेऱ्यांवर चालते. त्याच्याशी भांडण्याचे कारण नाही. पण चढण्यापूर्वी तीन गोष्टी जरूर विचाराव्यात : होडीत किती माणसे बसू शकतात, प्रत्येकासाठी जॅकेट आहे का, आणि होडीची नोंदणी झाली आहे का. भरलेल्या होडीची कड पाण्याला टेकण्याइतकी खाली आली असेल तर आपण उतरावे. पक्षी दिसला की सगळे एकदम एका बाजूला उभे राहतात, फोटो काढतात. छोटी होडी उलटायला एवढे पुरते. बसूनच पाहावे. मद्य घेतलेल्या माणसाला, मग तो प्रवासी असो वा चालक, होडीत जागा नसावी. फिट येणाऱ्या किंवा हृदयविकार असलेल्या व्यक्तींनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच जावे. होडी उलटलीच तर तिलाच धरून राहावे. उलटलेली होडी बहुधा तरंगते, आणि शोधणाऱ्याला माणसापेक्षा होडी लवकर दिसते.

वाचवायला उडी टाकू नका

एकाला वाचवायला गेलेले दोघे बुडाल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. बुडणारा माणूस वाचवणाऱ्याला मिठी मारतो आणि दोघेही खाली जातात. त्यामुळे शिक्षण घेतलेले नसेल तर पाण्यात उतरू नये. काठावरून किंवा होडीतून दोर, साडी, धोतर, लांब काठी पुढे करावी. ट्यूब, झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लॅस्टिकचा कॅन असे तरंगणारे काहीही त्याच्याकडे फेकावे. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ किंवा ११२ वर फोन करावा.

पाणी काढू नका, श्वास द्या

बुडालेल्याला बाहेर काढले की आपल्याकडे पहिली घाई असते ती पोटातले पाणी काढण्याची. पालथे घालून पोट दाबणे, पाय धरून गरगर फिरवणे, मिठात झोपवणे असे अनेक प्रकार केले जातात. हे सर्व टाळावे. फुप्फुसात गेलेले पाणी सहसा थोडेच असते आणि ते असे बाहेर येत नाही. पोट दाबल्याने मात्र पोटातले अन्न व पाणी उलटून श्वासनलिकेत जाते, आणि तेवढी मोलाची मिनिटे वाया जातात.

योग्य उपचार असा : माणसाला कठीण जमिनीवर उताणे झोपवावे. कपाळ मागे व हनुवटी वर करून श्वासमार्ग मोकळा करावा. दहा सेकंदांत श्वास चालू आहे का ते पाहावे. नसेल तर नाक चिमटीत धरून, तोंडावर तोंड घट्ट ठेवून पाच श्वास द्यावेत. प्रत्येक श्वासाला छाती उंचावली पाहिजे. तान्ह्या बाळाचे नाक व तोंड दोन्ही आपल्या तोंडात घेऊन हळुवार फुंकर घालावी. हालचाल नसेल तर छातीच्या मध्यभागी तळहाताची टाच ठेवून दाबण्यास सुरुवात करावी. मिनिटाला १०० ते १२० या गतीने ३० दाब, मग दोन श्वास, पुन्हा ३० दाब. मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर दबली पाहिजे. लहान मुलास एका हाताने आणि तान्ह्या बाळास छातीभोवती हात धरून दोन्ही अंगठ्यांनी दाब द्यावा. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये. तोंडातून फेस आला तरी तो पुसत बसू नये, श्वास देत राहावे.

हृदयविकाराच्या झटक्यात नुसती छाती दाबली तरी चालते, असे अनेकांनी ऐकले असेल. बुडालेल्यात ते अपुरे पडते, कारण त्याच्या रक्तातला प्राणवायूच संपलेला असतो. तो आपल्या श्वासातूनच द्यावा लागतो.

माणूस श्वास घेत असेल पण बेशुद्ध असेल तर त्याला कुशीवर वळवावे, ओले कपडे काढून पांघरूण घालावे. शुद्धीवर आला, बोलू लागला, तरी त्याला तसाच घरी नेऊ नये. पुण्या-पिंपरीचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून उजनीत येते. असे पाणी फुप्फुसात गेल्यावर काही तासांनी दम लागणे, खोकला, ताप ही लक्षणे दिसू शकतात. म्हणून इंदापूरचे उपजिल्हा रुग्णालय असो वा बारामतीचे मोठे रुग्णालय, जे जवळ असेल तेथे नेऊन किमान सहा ते आठ तास डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवावे.

श्वास देण्याची ही पद्धत वाचून पूर्ण येत नाही, ती हाताने शिकावी लागते. काठावरच्या गावांतील तरुण मंडळे, शाळा, महिला बचत गट आणि होडीवाले बांधव यांनी आपल्या भागातील डॉक्टरांना बोलावून एका दुपारी ती शिकून घ्यावी. डॉक्टर आनंदाने येतील. यंदा उजनीवर पक्षी पाहायला निघालात तर दुर्बीण आणि डबा जरूर घ्या, पण जॅकेट अंगावर चढल्याशिवाय होडी काठावरून हलू देऊ नका.