राष्ट्रपतींचा हुकूम आणि आपले मत

१९७८ साली नाशिकच्या कामगाराने रांगेत उभे राहून विधानसभेसाठी मत दिले. पण १७ फेब्रुवारी १९८० रोजी राष्ट्रपतींच्या हुकमाने महाराष्ट्राचे सरकार बरखास्त झाले, विधानसभाही विसर्जित झाली. दिल्लीत नुकताच सत्ताबदल झाला होता. आपले मत दोनच वर्षांत संपले!

हा अधिकार घटनेच्या कलम ३५६ मधला. सही राष्ट्रपतींची, सल्ला केंद्रीय मंत्रिमंडळाचा. ४ ऑगस्ट १९४९ रोजी घटना समितीत परमपूज्य बाबासाहेबांनी आशा व्यक्त केली होती की, ही कलमे वापरण्याची वेळच येऊ नये. प्रत्यक्षात ती वारंवार वापरली गेली.

एप्रिल १९८९ मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री एस. आर. बोम्मई यांचे सरकार असेच गेले. सभागृहात बहुमत सिद्ध करण्याची त्यांची तयारी होती. संधीच मिळाली नाही. ते न्यायालयात गेले. ११ मार्च १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी निकाल दिला. त्यातील एक प्रमुख निकालपत्र महाराष्ट्राचे न्या. पी. बी. सावंत यांचे होते.

आम्ही दिवसभर फायली हाताळणारी माणसे. आमच्या भाषेत निकालाचा अर्थ असा: मंत्र्यांनी काय सल्ला दिला हे न्यायालय विचारणार नाही, पण हुकमामागची कागदपत्रे मागवू शकेल. कागदांत आधार नसेल, हेतू वाईट असेल, तर हुकूम रद्द. बहुमत राजभवनात नव्हे, सभागृहातच मोजायचे. आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या मंजुरीआधी विधानसभा विसर्जित करायची नाही.

कर्नाटक, मेघालय व नागालँडबाबतचे हुकूम बेकायदेशीर ठरले. मात्र डिसेंबर १९९२ मधील मध्य प्रदेश, राजस्थान व हिमाचल प्रदेशचे हुकूम योग्य ठरले. कारण धर्मनिरपेक्षता हा घटनेचा पाया आहे, तो सोडून राज्य चालविता येत नाही.

बोम्मईंना खुर्ची परत मिळाली नाही. निकालाला पाच वर्षे लागली. पण वाट पडली. २०१६ साली उत्तराखंडात उच्च न्यायालयाने असाच हुकूम रद्द केला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली सभागृहात मतदान झाले आणि मुख्यमंत्री हरीश रावत परत आले.

देशाच्या सर्वोच्च सहीलाही कारण द्यावे लागते, हे आपल्या मुलांना कळले पाहिजे. येत्या रविवारी विहारात घटनेचे पुस्तक उघडावे, कलम ३५६ मोठ्याने वाचावे व त्यावर चर्चा करावी. आपले मत राखायचे तर त्याचा कायदाही आपल्याला ठाऊक हवा.