एक दिवस, दोघी मैत्रिणी आणि रोम

युरोपची सहल करून आलेल्या मंडळींना रोमबद्दल विचारा. बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. "रोम? हो, पाहिले ना! बस थांबली, खाली उतरलो, फोटो काढले, पुन्हा बसमध्ये बसलो." अडीच हजार वर्षांहून जुने शहर, पण सहलीत त्याच्या वाट्याला जेमतेम एक दिवस येतो. हाच दिवस बसच्या काचेतून न पाहता दोघी मैत्रिणींनी आपल्या पायांनी आणि आपल्या मर्जीने पाहायचा ठरवला तर?

अशा दोघी डोळ्यांपुढे आणा. शाळेपासूनच्या मैत्रिणी, आता पन्नाशी उलटलेल्या. एकीने आयुष्यभर इतिहास शिकवला, दुसरीने नवऱ्याच्या बरोबरीने दुकान सांभाळले. मुले मार्गाला लागली, भिशीचे पैसे साठले आणि घरच्यांना मागे ठेवून दोघी पहिल्यांदाच निघाल्या. या दिवसात मौज आहे तसा धोकाही आहे. चाळीस वर्षांची मैत्री खरी, पण ती टिकलेली असते अधूनमधून चहाला भेटण्यावर. सलग चौदा तास, परक्या भाषेत, दुखऱ्या पायांनी कुणी ती कधी पारखलेली नसते. दुपारी तीन वाजता, ऊन डोक्यावर असताना, "तुझ्यामुळे उशीर झाला" हे एक वाक्य बाहेर पडले, की रोमच काय, परतीचे विमानसुद्धा बेचव होते.

आदल्या रात्रीचा तह

भांडणाचे मूळ असते यादीत. व्हॅटिकनची संग्रहालये, सिस्टिन चॅपेल, सेंट पीटर्स, पॅन्थियन, त्रेवीचे कारंजे, स्पॅनिश पायऱ्या, कोलोसियम, फोरम. नकाशावर हे सारे हाताच्या अंतरावर दिसते आणि ते खोटेही नाही. सेंट पीटर्सपासून कोलोसियमपर्यंत चालत गेले तर अंतर चारेक किलोमीटर. पण वेळ चालण्यात जात नाही, तो रांगेत आणि आत गेल्यावर जातो. व्हॅटिकनची संग्रहालये एकटीच अर्धा दिवस खातात. कोलोसियम आणि फोरम मिळून तीन तास सहज जातात. दोन्ही एका दिवसात कोंबले, तर संध्याकाळी आठवतात फक्त समोर चालणाऱ्यांच्या पाठी.

म्हणून आदल्या रात्रीच हॉटेलच्या खोलीत बसून तह करावा. प्रत्येकीचा एकच हट्ट पुरवायचा, बाकी जमेल तसे. इतिहासवालीने कोलोसियम मागितले, दुकानवालीने बाजार आणि रात्रीचे त्रेवी मागितले, की मग सिस्टिन चॅपेल सोडावे लागते. मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ अशी चार वर्षे खपून रंगवलेले ते छत! कुणी म्हणेल, रोमला जाऊन ते न पाहणे म्हणजे पंढरपूरला जाऊन विठोबा न पाहणे. म्हणोत बापडे. मानेला रग लागेपर्यंत वर पाहत गर्दीतून पुढे ढकलले जाण्यापेक्षा ते पुढच्या खेपेला ठेवलेले बरे. दोघींचा हट्ट सिस्टिनचाच असेल, तर मग कोलोसियम बाहेरून पाहावे. आणि शेवटचा रविवार सोडला तर ही संग्रहालये रविवारी बंद असतात, हे विसरू नये.

त्याच रात्री आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलावी, ती म्हणजे गुडघा. आपल्या बायकांना दुखणे लपवायची भारी सवय. "हिचा दिवस कशाला खराब करू" म्हणून एक जण मुकाट्याने लंगडत राहते आणि दुसरीला ते कळते तेव्हा अपराधी वाटून तिचाही दिवस जातो. किती चालवेल, किती पायऱ्या चढवतील, कुठे बसायचे, हे आधी ठरले की कुणीच कुणावर उपकार करत नाही. खर्चासाठी एक सामाईक पाकीट करावे. दोघींनी सकाळी सारखे युरो टाकायचे आणि पाणी, कॉफी, बस सारे त्यातून. हिशेब दुकानवालीकडे द्यावा, ती चोख ठेवील.

कोलोसियमचे तिकीट मात्र घरूनच काढलेले हवे. ते ठरावीक वेळेचे असते, साधारण महिनाभर आधी विक्रीला येते आणि त्यावर नाव असते. पासपोर्टवर आहे तेच नाव घालायचे. दुपारी दोन-तीनची वेळ बरी. हिवाळ्यात ते लवकर बंद होते, तेव्हा मात्र आणखी अलीकडची घ्यावी.

सकाळी सात ते बारा

सेंट पीटर्सचे दार सकाळी सातला उघडते. प्रवेशाला पैसे नाहीत, पण तपासणीची रांग आहे. नऊनंतर ती चौकाला वळसा घालू लागते, म्हणून झोपेचा मोह आवरावा. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत असा इथला दंडक. ऐन दारात पर्यटकांची स्कार्फसाठी धावाधाव चालते तेव्हा सलवार-कमीज किंवा साडीतल्या आपल्या बायका थेट आत जातात. बुधवारी सकाळी चौकात पोपच्या जाहीर भेटीचा कार्यक्रम असतो, तो दिवस टाळलेला बरा.

आत गेल्यावर लगेच उजवीकडे वळावे. पहिल्याच दालनात 'पिएता' आहे. क्रुसावरून उतरवलेला मुलगा मांडीवर घेऊन बसलेली आई. मायकेलअँजेलोने हे शिल्प पुरे केले तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. १९७२ साली एका माथेफिरूने हातोड्याने त्याची नासधूस केली, तेव्हापासून ते काचेआड आहे. त्या संगमरवराच्या चुण्यांपुढे दोघींपैकी कुणाला डोळे पुसावेसे वाटले, तर दुसरीने घड्याळ पाहू नये. घुमटावर चढायच्या ५५१ पायऱ्या आहेत. लिफ्ट घेतली तरी ३२० उरतात. तहाप्रमाणे त्या सोडून द्यायच्या.

तिथून तिबर नदीवर यायचे. काठावरचा गोल किल्ला, कास्तेल सांत'आंजेलो, मुळात हेड्रियन या सम्राटाची समाधी. समोरच्या पुलावर दोन्ही बाजूंना दहा देवदूत उभे आहेत. पूल ओलांडून दहा-पंधरा मिनिटांत पियाझा नवोना येतो. हा लांबट चौक म्हणजे पहिल्या शतकातले डोमिशियनचे क्रीडांगण. प्रेक्षकांच्या बैठका होत्या तिथे आज घरे आहेत, धावपट्टीचा आकार तेवढा तसाच राहिला आहे.

चौकाच्या मध्यावर बर्निनीने १६५१ साली पुरे केलेले चार नद्यांचे कारंजे आहे. चार खंडांच्या चार नद्या: नाईल, डॅन्यूब, रिओ दे ला प्लाता आणि आपली गंगा! पण गंगा शोधायला निघालेली मराठी बाई इथे चक्रावून जाते. मकरावर बसलेली, हाती कलश घेतलेली गंगामाई नाहीच. आहे तो हातात लांबलचक वल्हे घेतलेला एक दाढीवाला धट्टाकट्टा पुरुष. रोमन लोकांच्या भाषेत नद्या पुल्लिंगी, म्हणून हा घोळ. वल्हे अशासाठी, की गंगेतून दूरवर नावा चालतात हे युरोपला ठाऊक होते. नाईलचे तोंड मात्र कापडाने झाकलेले आहे, कारण तिचा उगम तेव्हा त्यांना ठाऊक नव्हता. "अगं, आपल्या गंगेला मिशा!" म्हणून दोघींनी हसून घ्यावे. असे हसणे कुठल्या तिकिटात मिळत नाही.

रस्ता ओलांडला की काम्पो दे फियोरी. इथे रविवार सोडून रोज सकाळी बाजार भरतो. भाज्या, फळे, मसाले, पास्त्याच्या पुड्या. इथे दुकानवालीचे राज्य. भाव विचारावा, नाक मुरडावे, दोन पीच घ्यावेत. मध्यभागी उभा असलेला डोक्यावरून टोपी ओढलेला काळा पुतळा जिओर्दानो ब्रूनोचा. विश्व अनंत आहे असे म्हणणाऱ्या या विचारवंताला धर्मन्यायालयाने पाखंडी ठरवले आणि १६०० साली याच चौकात जिवंत जाळले. पुतळा उभा राहायला १८८९ साल उजाडले. त्याच्या पायाशी आज टोमॅटो विकतात.

पाच-सहा मिनिटांवर लार्गो अर्जेंतीना आहे. रस्त्याच्या पातळीखाली मोडक्या मंदिरांचे अवशेष आणि त्यांत ऐटीत पहुडलेल्या मांजरी. इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरला भोसकून मारले ते इथेच. नाटकामुळे अनेकांच्या मनात ती जागा कॅपिटॉलवर आहे. २०२३ पासून आत फिरायला मार्ग केला आहे, पण कठड्यावरून पाहिले तरी भागते. इतिहासवाली सीझरकडे बघेल, दुसरी मांजरांकडे. दोघीही खूश.

उभे राहून कॉफी, नळाचे थंड पाणी

पॅन्थियनला २०२३ च्या जुलैपासून तिकीट आहे आणि त्याचे पैसे देण्यात हळहळ नको. एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा घुमट ४३ मीटर रुंद आणि जमिनीपासून तेवढाच उंच आहे. लोखंडाची एकही सळई न घातलेला काँक्रीटचा याहून मोठा घुमट जगात नाही. वर जाताना काँक्रीटमध्ये हलका, सच्छिद्र ज्वालामुखीचा दगड वापरला, म्हणून तो तोलला गेला. माथ्यावर सुमारे नऊ मीटरचे उघडे भोक. ऊन तिथूनच येते आणि पाऊसही तिथूनच. पाणी वाहून जायला फरशीला हलका उतार आणि बारीक भोके ठेवली आहेत. ऊन भिंतीवरून सरकते ते पाहत दहा मिनिटे नुसते बसावे.

आता पोटाचे. रोममध्ये कॉफी उभ्याने प्यायची. तीच कॉफी टेबलाशी बसून घेतली तर दुप्पट-तिप्पट पडते, चौकातल्या टेबलावर तर विचारूच नका. बऱ्याच ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती दाखवावी लागते. पण गुडघा बोलू लागला असेल, तर बसायचे जास्तीचे पैसे खुशाल द्यावेत. सामाईक पाकीट असल्या वेळेसाठीच असते. दुधाळ, आले घातलेल्या चहाची आशा मात्र सोडावी.

जेवायला 'पिझ्झा अल तालियो' उत्तम. मोठ्या आयताकृती पिझ्झाचा हवा तेवढा तुकडा कापून, वजनावर विकतात. पूर्ण शाकाहारी मंडळींनी 'मारिनारा' मागावा. त्यात टोमॅटो, लसूण आणि ओरेगॅनो असते, चीज नसते. पेकोरीनो, पार्मेजान ही इथली प्रसिद्ध चीजे प्राण्यांच्या रेनेटने विरजतात, हे ज्यांना चालत नाही त्यांनी ध्यानात ठेवावे.

पाण्याच्या बाटल्या विकत घेत बसू नये. शहरभर सुमारे अडीच हजार लोखंडी नळ अखंड वाहत असतात. वाकड्या तोटीमुळे लोक त्यांना 'नासोने', म्हणजे मोठे नाक, म्हणतात. १८७४ पासूनची ही सोय. तोटीचे तोंड बोटाने दाबले, की वरच्या बारीक भोकातून पाण्याची धार उसळते आणि ओंजळ न करता पिता येते.

कोलोसियम, आणि एक तास वेगळे

कोलोसियम बांधायला व्हेस्पेशियनने घेतले, इ.स. ८० मध्ये त्याच्या मुलाने, टायटसने ते खुले केले. पन्नास हजार प्रेक्षक मावत. बाहेरच्या काही कमानींवर रोमन आकडे अजून वाचता येतात. ते होते दरवाजांचे क्रमांक. वानखेडेवर तिकीट पाहून गेट शोधतात तसेच इथेही चाले. भिंतींना जी असंख्य भोके दिसतात ती गोळ्यांची नव्हेत. दगड सांधणारे लोखंडी आकडे नंतरच्या लोकांनी खणून नेले, त्यांच्या त्या खुणा. दक्षिणेची बाजू १३४९ च्या भूकंपात कोसळली आणि तिचे दगड रोमच्या वाड्यांना लागले. आतल्या पायऱ्या उभ्या आहेत. चालायला त्रास असणाऱ्यांसाठी लिफ्ट आहे, विचारायला लाजू नये.

त्याच तिकिटात फोरम येते, पण तिथली वाट प्राचीन फरसबंदीची, उंचसखल आहे. तहाचे शेवटचे कलम इथे वापरावे: एक तास वेगळे राहायचे. इतिहासवालीने आत जाऊन जिथे सीझरचे दहन झाले ती जागा पाहावी. तिथे आजही लोक फुले ठेवतात. दुसरीने सावली धरून बसावे, येणारी-जाणारी माणसे पाहावीत, घरी फोन करावा. भेटायची जागा आणि वेळ मात्र पक्की हवी. कोलोसियमचे मेट्रो स्टेशन सोपे. एक तासाने भेटल्यावर दोघींकडे एकमेकींना सांगायला काहीतरी नवे असते, हा आणखी एक फायदा.

तिथून मेट्रोने तेर्मिनीला गाडी बदलून बार्बेरिनीला उतरले, की त्रेवी पाच-सात मिनिटांवर. गर्दीत पर्स पोटाशी धरावी. तेर्मिनीहून व्हॅटिकनला जाणारी ६४ नंबरची बस तर पाकीटमारांसाठी प्रसिद्धच आहे. मूळ पासपोर्ट कपड्यांच्या आतल्या खिशात आणि त्याची एक प्रत पर्समध्ये ठेवावी.

निकोला साल्वीने आखलेले त्रेवी १७६२ साली पुरे झाले, पण त्याला पाणी येते ते इ.स.पू. १९ मध्ये आग्रिप्पाने बांधलेल्या कालव्यातून. त्याच आग्रिप्पाचे नाव दुपारी पॅन्थियनच्या दर्शनी कोरलेले होते. २०२४ च्या डिसेंबरपासून कुंडाजवळ एका वेळी चारशेच माणसे सोडतात, त्यामुळे रांग लागते, पण धक्काबुक्की कमी झाली आहे. कुंडाकडे पाठ करून उजव्या हाताने डाव्या खांद्यावरून नाणे टाकले, की रोमला पुन्हा येणे होते अशी समजूत. ही नाणी गोळा करून कारितास या संस्थेमार्फत गरजूंसाठी वापरली जातात. तेव्हा सिस्टिन राहिल्याची चुटपुट ज्या मैत्रिणीला लागली असेल, तिच्या नावाने सामाईक पाकिटातून एक नाणे टाकायला हरकत नाही.

अंगात त्राण उरले असेल तर दहा मिनिटांवर स्पॅनिश पायऱ्या आहेत. पण दमून तिथे बसाल तर २०१९ पासून दंड आहे, तोही जबर. आइस्क्रीम घेऊन खालच्या चौकात उभे राहावे आणि पाय फारच बोलत असतील तर सरळ टॅक्सी करावी. ती पांढरी, मीटरची असावी आणि थांब्यावरूनच घ्यावी. हॉटेलचा पत्ता इटालियनमध्ये लिहिलेला कागद सकाळीच पर्समध्ये घातलेला असला, म्हणजे झाले.