पानातलं लोह रक्तात कसं पोचतं?

बाजरीच्या भाकरीत लोह असतं, पण पोटात गेलेलं सगळं लोह रक्तात उतरत नाही. धान्य, डाळी, पालेभाज्या यांतलं लोह बहुतांशी ‘फेरिक’ रूपात असतं. आतड्याच्या पेशी ते तसंच आत घेऊ शकत नाहीत. आधी त्याचं ‘फेरस’ व्हावं लागतं. क जीवनसत्त्व हा बदल घडवतं. म्हणूनच जेवताना पिळलेल्या लिंबाला मोल आहे. भाजी शिजतानाच पिळलं, तर उष्णतेनं बरंचसं क जीवनसत्त्व नष्ट होतं.

हे शोषण मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वीतभर भागात होतं. खरी गंमत तिथेच आहे. जादा लोह बाहेर टाकण्याची वेगळी सोय शरीरात नाही, त्यामुळे पहारा दारातच ठेवावा लागतो. साठा भरलेला असला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं. मग आतड्याच्या पेशीत शिरलेलं लोह पुढे रक्तात जात नाही. ती पेशी चार-पाच दिवसांत झडते आणि लोह शौचावाटे निघून जातं. इतकी काटेकोर व्यवस्था पाहून मी दर वेळी थक्क होतो.

पण मुळात लोहच कमी पडत असेल तर? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याची कारणं अनेक आहेत. लोहाची कमतरता त्यांतलं मोठं. अशा घरात जेवणावर लगेच चहा घेऊ नये, कारण त्यातली टॅनिन्स लोहाला धरून ठेवतात. तासाभरानं घ्यावा. मटकीला मोड आणले की लोह अडवणारं फायटिक आम्लही कमी होतं.