कास : फुलांचे पठार, शहराचे पाणी

लोणंदकराला पाण्याचे मोल शिकवावे लागत नाही. वर्षाला जेमतेम 500 मिलिमीटर पाऊस, बाजूला नीरा नदी, वर वीर धरण आणि शिवारात कांदा. आषाढी वारीत माउलींच्या पादुकांना नीरेत स्नान घालून पालखी लोणंदला मुक्कामी येते, तेव्हा गावात किती टँकर उभे राहतात हे इथल्या प्रत्येकाने पाहिले आहे. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या माथ्यावर, आपल्या कित्येक पट पाऊस झेलणारे एक पठार आहे. सालपे घाट चढायचा, वाठार स्टेशनवरून सातारा गाठायचा आणि समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट धरायचा. साताऱ्यापासून साधारण 25 किलोमीटरवर कास येते.

ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत इथे येणारी गर्दी फुलांसाठी असते. पठार ओलांडून थोडे खाली उतरले की कासचा तलाव लागतो. तिथे लोक फोटो काढतात, मक्याचे कणीस खातात आणि परततात. हा तलाव म्हणजे सातारा शहराच्या पिण्याच्या पाण्याचा जुना आधार आहे, हे बाहेरून आलेल्या फार थोड्यांना ठाऊक असते. ब्रिटिश अमदानीत हे मातीचे धरण बांधले गेले. तलाव उंचावर आणि शहर खाली, त्यामुळे पाणी उताराने चालत येते; उपसायला वीज लागत नाही. पूर्वी ते डोंगराच्या कडेने काढलेल्या उघड्या पाटातून येई, पुढे बंद नळातून येऊ लागले. सांबरवाडीला ते शुद्ध होते आणि शहरात उतरते. विजेच्या बिलाने नगरपालिका वाकल्या असताना अशी योजना हाताशी असणे हे साताऱ्याचे भाग्यच म्हणायला हवे.

पठाराची उंची सुमारे 1200 मीटर. खाली काळा बेसाल्ट, वर जांभ्याचे टोपण आणि त्या जांभ्यावर मातीचा पातळ थर. कुठे वीतभर, कुठे दोन बोटे, तर कुठे नुसता उघडा सडा. एवढ्याशा मातीत मोठे झाड तग धरत नाही, म्हणूनच इथे फुलांचे राज्य आहे. साडेआठशेच्या वर सपुष्प वनस्पतींची नोंद कासला झाली आहे. तेरडा, सोनकी, सीतेची आसवे, गेंद, कीटक खाणारा दवबिंदू, चवर, दर सात वर्षांनी सामुदायिक फुलणारी टोपली कारवी. साताऱ्याचे नाव थेट शास्त्रीय नावातच बाळगणारा वायतुरा पहिल्या पावसात डोके वर काढतो. 2012 मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील 39 ठिकाणांना जागतिक वारसा मानले, त्यात कोयना, चांदोली आणि राधानगरीच्या सोबत कासही होते.

आता पाण्याच्या बाजूने पाहू. शहर वाढले, तलाव तेवढाच राहिला. उन्हाळा आला की पाणीकपात, हे साताऱ्याच्या अंगवळणी पडले होते. म्हणून 2018 मध्ये धरणाची उंची वाढवण्याचे काम सुरू झाले आणि 2022 च्या सुमारास वाढीव पाणी अडू लागले. साठवण क्षमता 0.1 टीएमसीवरून 0.5 टीएमसीवर, म्हणजे पाचपट गेली. पाणी चढणार म्हणजे काठची झाडी आणि तलावाजवळून बामणोलीकडे जाणारा जुना रस्ता बुडणार. पर्यायी रस्ता करावा लागला, वनखात्याच्या परवानग्या लागल्या. हे काम व्हायला नको होते असे मी म्हणणार नाही. सातारकरांना प्यायला पाणी हवे, आणि त्यासाठी दुसऱ्या कुठल्या खोऱ्यातून वीज जाळून ते उपसण्यापेक्षा हा मार्ग बरा.

खरी परीक्षा धरण बांधून झाल्यावर सुरू होते. मोठ्या कामावर सगळ्यांचे लक्ष असते. त्याचे अहवाल निघतात, पाहणी होते, वर्तमानपत्रांत छापून येते. देखभालीचे तसे नसते. सांडव्याची डागडुजी, बांधावर उगवलेली झाडोरी काढणे, गाळ उपसणे, व्हॉल्व्ह बदलणे, घाटात दरड येऊन फुटलेला नळ जोडणे, गळती काढणे ही कामे वर्षानुवर्षे चालूच राहतात. ती तातडीने करावी लागतात, कारण शहरात नळ कोरडा पडला की पहिला फोन नगरसेवकाला आणि दुसरा चावीवाल्याला जातो. घाईत जेसीबी जवळच्या वाटेने आत शिरतो, खोदलेली माती सोयीच्या जागी पडते आणि भरावाला बाहेरून मुरूम येतो.

जांभ्याच्या सड्यावर एक उथळ चर मारला, तर त्याचे परिणाम चराच्या रुंदीपुरते राहत नाहीत. सड्यावरच्या खळग्यांत साचणारे पाणी चराच्या वाटेने निघून जाते. गेंद आणि सीतेची आसवे यांना तेच बोटभर साचलेले पाणी लागते. बाहेरच्या मुरमाबरोबर गाजरगवत आणि रानमोडीचे बी येते. वाळूवर पडलेला टायरचा माग पुढच्या पावसात पुसला जातो, पण इथला मातीचा थर तयार व्हायला हजारो वर्षे गेली आहेत. तो एकदा वाहून गेला की आपल्या हयातीत परत येत नाही.

यात सर्वांत जास्त फसवतो तो उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पठार तपकिरी, उजाड दिसते. कामे याच दिवसांत उरकावीत, तेव्हा बिघडायला काही नसते, असा सरसकट समज आहे. फुलांचा हंगाम टाळणे बरोबरच, पण उन्हाळ्यातही पठार रिकामे नसते. वायतुऱ्याचे आणि चवरीचे कंद, आमरीच्या गाठी आणि असंख्य वर्षायू झाडांचे बी त्याच दोन बोटे मातीत पावसाची वाट पाहत असते. मेमध्ये त्यावरून फिरलेले अवजड यंत्र सप्टेंबरमधल्या हजार पर्यटकांपेक्षा जास्त नुकसान करू शकते. त्यामुळे कुठल्या महिन्यात काम करायचे याच्याही आधी ते कुठल्या वाटेने करायचे हे ठरले पाहिजे. यंत्र सडा सोडून फक्त जुन्या रस्त्याने जाईल, खोदलेली माती जिथल्या तिथे आणि ज्या थराची त्या थरात परत जाईल, भरावाला बाहेरचा मुरूम येणार नाही. एवढे तीन नियम पाळले तरी बरेच काही वाचेल.

पर्यटकांसाठी नियम झाले आहेत. दिवसाला 3000 जणांची मर्यादा, आगाऊ नोंदणी, कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा आसपासच्या गावांची समिती आणि वनविभाग यांचे मिळून व्यवस्थापन. गावातली मुले शिट्टी वाजवून फुलांत शिरणाऱ्यांना बाहेर काढतात. बाहेरच्या माणसाला लागू असलेली शिस्त सरकारी कामाच्या गाडीलाही लागू हवी, ही मागणी जास्तीची नाही.

मुंबईत मलबार हिलवर असाच प्रश्न उभा राहिला होता. फिरोजशहा मेहता उद्यानाच्या पोटात एकोणिसाव्या शतकातला जलाशय आहे. तो पाडून नवा बांधायचा प्रस्ताव महापालिकेने 2023 मध्ये आणला. त्यात 389 झाडे बाधित होणार होती. नागरिकांनी हरकत घेतली, आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आणि स्थानिक तज्ज्ञांनी जलाशयात उतरून पाहणी केली, आणि पाडण्याऐवजी दुरुस्तीचा मार्ग पुढे आला. आधी पाहायचे आणि मग कुदळ मारायची, हा क्रम कासलाही हवा.

खुद्द साताऱ्यातही उदाहरण आहे. यवतेश्वराच्या पायथ्याचे महादरे तळे शहराच्या जुन्या पाणीव्यवस्थेचा भाग. त्याच्या सभोवतालचे रान आज फुलपाखरांसाठी राखीव संवर्धन क्षेत्र आहे. पाण्यासाठी राखलेल्या जागा बांधकामापासून वाचतात आणि मग तिथे जीवसृष्टी टिकते. कासच्या तलावाभोवतीची देवराईसारखी दाट झाडी टिकायलाही पाण्याची ही राखण कारण ठरली असावी.

म्हणून पाणीपुरवठा एका बाजूला आणि फुले दुसऱ्या बाजूला, अशी मांडणीच मला पटत नाही. पठारावरचा सच्छिद्र जांभा पाऊस धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो. तिथले गवत-झुडूप उखडले तर माती तलावात उतरेल, आणि पाचपट केलेली साठवण गाळाने कमी होत जाईल. पठाराची राखण हे पाणीपुरवठ्याच्या देखभालीचेच काम आहे, आणि त्याचा खर्चही पाणीपुरवठ्याच्या हिशेबात दिसला पाहिजे.

सातारा नगरपालिकेने आपल्या अंदाजपत्रकात कासच्या पाणलोटासाठी दरवर्षी स्वतंत्र तरतूद करावी. वर्षभराच्या देखभालीचे वेळापत्रक आणि यंत्रांच्या वाटा पावसाळ्यापूर्वी वनविभाग, वनस्पतितज्ज्ञ आणि गावांच्या समितीसमोर ठेवाव्यात. गळती काढणाऱ्या प्रत्येक पथकाबरोबर पठार ओळखणारा गावातला एक माणूस रोजंदारीवर द्यावा. सातारकरांनी आपल्या नगरसेवकाकडे पाण्याच्या वेळेसोबत या तीन गोष्टींचीही चौकशी करावी.